पिसवांचं औषध लावण्याआधी कुत्र्याचं वजन करा

पिसवा दिसल्या म्हणून घाबरू नका, पण घाईने औषधही ओतू नका. आधी वजन, तेही काट्यावर. कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे. फरक म्हणजे त्याचं वजन. पाकिटावरचा वजनगट त्याच्याशी जुळलाच पाहिजे. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी करून छोट्याला लावायची काटकसर नको. पिल्लू अगदी लहान असेल, कुत्री गाभण असेल किंवा फिट्सचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

थेंब मानेमागे सोडा, जिथे त्याची जीभ पोचत नाही. केस बोटांनी बाजूला करा. कातडी दिसली पाहिजे. नुसत्या केसांवर ओघळलेलं औषध वाया गेलंच म्हणून समजा.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- थेंब, पिसवांचा औषधी पट्टा आणि गोळी, सगळं एकदम.
- घरात मांजर असताना परमेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं औषध. मांजराच्या ते जिवावर बेतू शकतं.
- ‘नैसर्गिक’ म्हणून टी ट्री तेल चोळणं. यानेही विषबाधा होते.

आठवड्याने पुन्हा पिसवा दिसल्या तर डोस वाढवू नका. त्या बहुधा अंथरुणातल्या, सतरंजीतल्या कोषांतून नव्याने निघालेल्या असतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी व्हॅक्यूम करा.

थेंब लावल्यावर थरथर, झोकांड्या किंवा लाळ गळत राहिली, तर भांड्यांच्या सौम्य लिक्विडने धुऊन टाका आणि पाकीट सोबत घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.