स्टुलावर बसायची तालीम

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. १९६० च्या फेब्रुवारी ते मे या तीन महिन्यांत तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांनी दुकानांमधल्या खाण्याच्या काउंटरवरची वर्णबंदी मोडून काढली. त्याविषयी आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न.

काळ्या गिऱ्हाइकांना दुकानात सामान मिळत होतं, मग खायला का मिळत नव्हतं? – एक वाचक, सोलापूर

वूलवर्थ, क्रेस, मॅक्लेलन ही स्वस्त मालाची मोठी दुकानं. वही, रुमाल, मोजे, साबण काहीही घ्या, गल्ल्यावर पैसे कोणाचेही चालत. त्याच दुकानात एका बाजूला लांबलचक काउंटर आणि त्यापुढे ओळीनं स्टुलं. तिथे सँडविच, कॉफी मिळे, पण बसायचं फक्त गोऱ्यांनी. खरेदीला आलेल्या काळ्या बाईनं लेकरासह फुटपाथच्या कडेला टेकून खावं. आपल्याकडच्या हॉटेलांतल्या वेगळ्या कपबशीची आठवण होईल. इथे वेगळं स्टूलसुद्धा नव्हतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही बंदी दुकानदारांनी घातलेली होती, ‘आमचा रिवाज’ म्हणून. स्टुलावर बसणं हा गुन्हा नव्हे, म्हणून पुढे अटका झाल्या तेव्हा कलम लावावं लागलं ते शांतताभंगाचं. आणि बंदी दुकानदाराची असल्यामुळे दुखरी नसही दुकानदाराचीच होती, म्हणजे गल्ला.

या आंदोलनाचा नागपूरशी संबंध होता असं ऐकलं. खरं का? – एक वाचक, नागपूर

खरं आहे. जेम्स लॉसन हे मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे तरुण काळे कार्यकर्ते. कोरियन युद्धाच्या काळात त्यांनी सक्तीची सैन्यभरती नाकारली आणि तुरुंगवास पत्करला. तिथून सुटल्यावर १९५३ मध्ये ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवायला आले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथल्या मुक्कामात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अलाबामातल्या माँटगोमेरीत काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी वाचली तीही नागपुरातच, ‘नागपूर टाइम्स’मध्ये. १९५६ ला ते परतले, १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटले आणि त्यांच्या आग्रहावरून दक्षिणेत आले. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकता शिकता त्यांनी प्रशिक्षणवर्ग सुरू केले.

प्रशिक्षण म्हणजे नक्की काय शिकवत? मार खायला काय शिकायचं असतं? – एक वाचक, पुणे

पुष्कळ काही. मारावर मार देणं अंगात भिनलेलं असतं, ते काढायला सराव लागतो.

१९५९ च्या शरद ऋतूत क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी वर्ग भरे. मुलंमुली फिस्क विद्यापीठ, टेनेसी ए अँड आय विद्यापीठ, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय आणि धर्मोपदेशक घडवणाऱ्या बॅप्टिस्ट महाविद्यालयातली. खुर्च्या ओळीनं मांडून त्याचा काउंटर करायचा. काही जण गिऱ्हाईक, बाकीचे गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्ची मागून ओढायची, ढकलायचं. मग भूमिका बदलायच्या. शिव्या देणाऱ्यालाही त्या द्यायला सुचलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बदलता कामा नये.

शरीराचेही धडे होते. खाली पाडलं तर गुडघे पोटाशी घेऊन अंगाची मुटकुळी करायची, दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. एकट्यावर मार पडत असेल तर शेजाऱ्यांनी आपलं अंग मध्ये घालायचं, म्हणजे मार वाटला जातो. जमेल तोवर मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. ज्याला हे झेपणार नाही त्यानं स्टुलावर न बसता इतर कामं करायची.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हार्वीज आणि केन-स्लोन या दुकानांत नुसती चाचपणी झाली. बसायचं, मागायचं, नकार आला की कारण विचारून उठायचं. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी बसले आणि इथल्या मुलांना दम धरवेना. जामिनाला पैसा नाही म्हणून वडीलधारे थांबा म्हणत होते. मुलं थांबली नाहीत.

१३ फेब्रुवारीला, शनिवारी, बर्फातून चालत १२४ जण तीन दुकानांत गेले. रविवारी चर्चला जातात तसे कपडे, हातात अभ्यासाची पुस्तकं. आधी एखादी किरकोळ वस्तू घ्यायची, मग स्टुलावर बसायचं. दुकानदारांनी काउंटर बंद केले. मुलं तासन्‌तास वाचत बसली आणि उठून गेली.

पुढच्या मोठ्या दिवसासाठी नियमांचा कागद सायक्लोस्टाइल करून वाटला. उलटून मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्यानं हसू नका. दुकानाचं दार किंवा वाट अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा. प्रमुखानं सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. यातला वाट न अडवण्याचा नियम आम्हाला सगळ्यांत धूर्त वाटतो. ‘धंद्यात अडथळा आणला’ असं म्हणायला दुकानदाराला जागाच उरत नाही.

अटक झाल्यावर जामीन का भरला नाही? – एक वाचक, बेळगाव

२७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्यानं मुलांना स्टुलावरून ओढून बडवलं. पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांना, एकूण ८१ जणांना. एक तुकडी गाडीत चढवली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. तिसरी तयारच असे.

जामीन माणशी १०० डॉलर. भरला असता तर आंदोलनाची तिजोरी पहिल्याच दिवशी रिकामी झाली असती, आणि तो पैसा ज्यानं अटक केली त्याच्याच घरात गेला असता. नाकारला तर सांभाळायचा बोजा शहरावर. जामीन उतरत ५ डॉलरवर आला. तोही नाकारल्यावर रात्री मुलांना सोडून दिलं. खटल्यात ५० डॉलर दंड झाला. डायन नॅश, जॉन लुईस हे विद्यार्थी पुढारी आणि इतर अनेकांनी तो न भरता तुरुंगात राहणं पत्करलं. लॉसन यांना व्हँडरबिल्टनं काढून टाकलं.

शेवटी दुकानदार नमले ते मोर्चामुळे की बहिष्कारामुळे? – एक वाचक, ठाणे

आमच्या मते बहिष्कारामुळे. मोर्चानं त्यांना नमायला सबब दिली.

त्या वर्षी ईस्टर १७ एप्रिलला होता. ईस्टरला घरादाराला नवे कपडे घ्यायचे, म्हणजे आपल्या दिवाळीसारखा हंगाम. काळ्या वस्तीनं मध्यवस्तीतली खरेदी बंद केली. गडबडीला भिऊन गोरी गिऱ्हाइकंही तिकडे फिरकेनाशी झाली. मधल्या काळात महापौरांच्या समितीनं तोडगा सुचवला, काउंटरचा एक भाग गोऱ्यांचा आणि एक मिश्र, ९० दिवस करून पाहू. विद्यार्थ्यांनी तो साफ फेटाळला. अर्ध्या काउंटरवरची बंदी मान्य करणं म्हणजे बंदीच मान्य करणं.

१९ एप्रिलला पहाटे मुलांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकलं गेलं. समोरच्या मेहॅरी महाविद्यालयाच्या काचा फुटल्या. लूबी आणि त्यांची पत्नी वाचले. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता सिटी हॉलपर्यंत चालत गेले. पायऱ्यांवर डायन नॅशनं महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, केवळ रंगावरून भेदभाव करणं योग्य आहे का? ते नाही म्हणाले, आणि काउंटर खुले व्हावेत हेही त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशीचा मथळा आयता मिळाला, आणि दुकानदारांना ‘महापौरच म्हणतात’ असं म्हणायची सोय झाली.

प्रत्यक्ष काउंटर उघडले कसे? पुन्हा मारामारी झाली नाही? – एक वाचक, नाशिक

गाजावाजा न करता. दिवस दुकानदारांना आधी कळवला होता, त्यांनी नोकरांना सांगून ठेवलं होतं. निवडक काळी गिऱ्हाइकं लहान लहान गटांनी आली, बसली, मागवलं, पैसे देऊन गेली. १० मे १९६० ला अशी सहा दुकानं खुली झाली.

चित्रपटगृहं मात्र बंदच होती. १९६१ च्या फेब्रुवारीत तीच मुलं तिकीटखिडकीपुढे रांगेत उभी राहिली. तिकीट मागायचं, नाही म्हटलं की रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभं राहायचं.