बर्फाच्या थरांखालचा पंचनामा

प्रश्न : ताई, माझी लेक आणि जावई दोन वर्षांपासून कॅनडाच्या वायव्येला, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला राहतात. दिवाळीत फोनवर जावयांनी तिकडची एक जुनी गोष्ट सांगितली. सव्वाशे वर्षांपूर्वी नाताळच्या दिवशी तीन माणसं गोठलेल्या नदीवरून चालत निघाली आणि नाहीशी झाली. पाहणारं कुणी नव्हतं, प्रेतंही मिळाली नव्हती. तरी पोलिसांनी बर्फ उपसून पुरावा काढला आणि मारेकऱ्याला फासावर चढवलं. मी एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होतो. कोर्ट पाहिलं ते अपघाताच्या साक्षीपुरतं. मला हे पटत नाही. प्रेत नसताना खून कसा धरायचा? बर्फात रक्त टिकतं का? आणि म्हणे आरोपीच्याच कुत्र्याने जागा दाखवली, हे खरं आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : काका, जावयांनी सांगितलं ते बहुतेक खरं आहे. हे प्रकरण मला फार जवळचं वाटतं. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी रक्ताचे डाग तपासले. नव्या मुलींना शिकवताना हीच गोष्ट पहिली सांगायचे, कारण तिच्यात एकही यंत्र नाही.

आधी जागा समजून घ्या. १८९६ च्या ऑगस्टमध्ये क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं तिकडे धावली. डॉसन हे गाव उभं राहिलं ते त्या सोन्यावर. हिवाळ्यात बाहेर पडायचं तर युकॉन नदी हाच रस्ता, कारण ती गोठून दगडासारखी होते. वाटेत ठरावीक टप्प्यांवर उतारशाळा असत, लाकडाच्या ओंडक्यांच्या, चूल आणि दोन घास मिळणाऱ्या. अधूनमधून नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलिसांची, म्हणजे कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांची ठाणी. १८९९ च्या सप्टेंबरात डॉसनपर्यंत तारही पोचली होती. माणसं थोडी, अंतरं मोठी, आणि कोण कुठून निघालं, कुठे जेवलं याची खबर पुढच्या ठाण्याला असायची. तुम्ही एसटीत होता, तुम्हाला हे लगेच कळेल. गाडी वेळेत आली नाही की पुढच्या स्टँडवरचा कंट्रोलर विचारतोच.

इथेही तसंच झालं. २५ डिसेंबर १८९९ ला सकाळी मिंटोच्या उतारशाळेतून तिघं निघाले. फ्रेड क्लेसन हा अलास्कातल्या स्कॅगवेचा व्यापारी, लिन रेल्फ डॉसनमध्ये कॅशियर, आणि लॉरेन्स ओल्सेन तारखात्याचा लाइनमन. ओल्सेनला पुढच्या हुचिकू ठाण्यावर कॉर्पोरल रायनने नाताळच्या जेवणाला बोलावलं होतं. रायन वाट पाहत राहिला. पान वाढलेलं आणि पाहुणा नाही, एवढ्यावरून या तपासाची सुरुवात झाली. मला या खटल्यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त भिडते. कागदावर तेव्हा काहीच नव्हतं, तक्रार नव्हती, फिर्यादी नव्हता. येतो म्हणालेला माणूस आला नाही, हे एका हवालदाराला खटकलं.

शोधताना नदीकाठच्या झाडीत, मुख्य वाटेपासून आत, एक तंबू सापडला. रिकामा. आत एक पत्र्याची शेगडी होती आणि तिच्या हवेच्या छिद्रांचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होता. कॉन्स्टेबल पेनिक्विक हा डोळस माणूस. ही शेगडी त्याने आधी दोन माणसांजवळ पाहिली होती आणि ती त्याच्या लक्षात राहिली होती. त्यांतला एक जॉर्ज ओब्रायन. काही महिन्यांपूर्वीच तो डॉसनच्या तुरुंगातून सुटला होता. दुसरा ग्रेव्हज नावाने वावरणारा त्याचा साथीदार. ओब्रायन जानेवारीत टॅगिशला पकडला गेला. ग्रेव्हज कधीच सापडला नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. ओब्रायनला पकडलं तेव्हा खुनाचा आरोप ठेवण्याइतकं पोलिसांजवळ काही नव्हतं. वाटेवरच्या साठ्यांतून माल चोरल्याचा संशय होता, त्यावर तो आत राहिला आणि तेवढ्यात बाहेर काम सुरू झालं. प्रेत मिळालंच पाहिजे असा नियम तेव्हाही नव्हता आणि आपल्याकडेही नाही. १९८१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मृतदेह न मिळताही खून सिद्ध होऊ शकतो, फक्त पुरावा तसा भक्कम हवा. पुढे १९८४ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं त्याच न्यायालयाने घालून दिली. निकालपत्रात त्यांना ‘पंचशील’ म्हटलं आहे. थोडक्यात, साखळीची कडी अन् कडी पक्की हवी, आणि ती सगळी मिळून आरोपीशिवाय दुसऱ्या कुणाकडे बोट जायला जागा उरू नये.

पेनिक्विकसोबत मग्वायर नावाचा अमेरिकन खासगी गुप्तहेर होता. क्लेसनच्या घरच्यांनी त्याला नेमलं होतं. या दोघांनी कित्येक आठवडे त्या झाडीत बर्फ उपसला.

काका, बर्फ उपसला म्हणजे काय केलं, ते मी जरा सविस्तर सांगते. त्या भागात ऑक्टोबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत वितळत नाही. कोरडा, पिठासारखा असतो. झाडीत वारा कमी, म्हणून तो हलत नाही. एकावर एक थर बसत जातात. आपल्याकडे बाजरीच्या कणगीत वरचं धान्य नवं आणि तळचं जुनं, तसं. नाताळच्या दिवशी जमिनीवर जे पडलं ते त्या दिवसाच्या थरावर पडलं आणि पुढच्या बर्फाने झाकलं गेलं. वरचा बर्फ अलगद काढत खाली गेलं, तर तो दिवस जसाच्या तसा समोर येतो. फावड्याने ओरबाडलं तर सगळं मिसळून गेलंच. या दोघांनी ओरबाडलं नाही. थर काढले, चाळले, आणि काय कुठे मिळालं ते नकाशावर मांडलं.

खाली काय निघालं? रक्ताने लाल झालेला बर्फ. बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या. जाळलेल्या वस्तूंची राख. आणि दाताचा एक तुकडा. करंगळीच्या नखापेक्षा मोठा नसेल, आणि तोही बर्फासारखाच पांढरा. माझ्या हातातून दाताचे तुकडे गेले आहेत, पण पांढऱ्या टेबलावर, दिव्याखाली. उणे तीस-चाळीसच्या थंडीत, हातमोजे घातलेल्या बोटांना तो कसा लागला असेल, याचा विचार करून मी आजही थक्क होते.

दुसरं, काठावरची झाडं. नदीवरून येणारी वाट नीट दिसावी म्हणून कुणीतरी मुद्दाम झाडं तोडून नजरेची फट केली होती. कुऱ्हाडीच्या पात्याला खाचे पडले असतील तर प्रत्येक घावात त्या खाच्यांच्या रेघा उमटतात. तोडलेल्या बुंध्यांवर त्या रेघा होत्या आणि त्या ओब्रायनच्या कुऱ्हाडीशी जुळल्या. यावरून नुसता हात कुणाचा ते कळलं असं नाही. वाट पाहत दबा धरून बसण्याची तयारी आधी झाली होती, हेही कळलं. रागाच्या भरात माणूस झाडं तोडून फट करत बसत नाही.

बर्फात रक्त टिकतं का? टिकतं, आणि फार चांगलं टिकतं. रक्ताचे दोन वैरी, ओल आणि ऊब. त्या दोन्हींमुळे जिवाणू वाढतात आणि डाग कुजतो. थंडी त्यांना रोखते. पण १९०० साली ते रक्त माणसाचंच आहे हे सिद्ध करायची सोय जगात कुठेच नव्हती! माणसाचं रक्त आणि जनावराचं रक्त वेगळं ओळखायची उलेनहूटची चाचणी १९०१ ची. रक्तगटांचा शोधही त्याच सुमाराचा. गोळ्या शेजारीशेजारी ठेवून पाहायचं तुलना-सूक्ष्मदर्शक आलं ते १९२० च्या दशकात. बोटांच्या ठशांचं पहिलं कार्यालय आपल्या कलकत्त्यात १८९७ सालीच निघालं होतं, पण ते शास्त्र युकॉनच्या जंगलापर्यंत पोचायला वेळ होता. म्हणून त्या दोघांनी भर दिला तो एकमेकांत बसणाऱ्या गोष्टींवर. पात्याचा खाचा आणि बुंध्यावरची रेघ. दाताचा तुकडा आणि उरलेला दात.

तो उरलेला दात मिळायला वसंत यावा लागला. प्रेतं बर्फाला भोक पाडून नदीत ढकलली होती. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात शरीर कुजत नाही, पोटात वायू धरत नाही, म्हणून ते वर येत नाही. मे महिन्यात युकॉनचा बर्फ फुटतो, पाणी हळूहळू उबदार होतं, आणि मग नदी सगळं परत करते. १९०० च्या मे-जूनमध्ये तिघांची प्रेतं खालच्या अंगाला मिळाली, अंगात गोळ्या होत्या. बर्फातून काढलेला तो तुकडा एका मृताच्या तुटलेल्या दाताला नेमका बसला. म्हणजे काका, खटला उभा राहीपर्यंत प्रेतं मिळाली होती. पण जागा आधी सापडली, पुरावा आधी गोळा झाला. तो नसता तर नदीत मिळालेली प्रेतं कुणाच्या दारात नेऊन ठेवायची, हा प्रश्न उरलाच असता.

खटला १९०१ च्या जूनमध्ये डॉसनला चालला, न्यायमूर्ती दुगास यांच्यापुढे. २३ ऑगस्ट १९०१ ला ओब्रायनला फाशी झाली.

कुत्र्याचं विचारलंत. ओब्रायनजवळ पिवळसर रंगाचा मोठा सेंट बर्नार्ड होता. पोलिसांनी त्याला त्या भागात नेऊन सोडलं आणि ‘घरी जा’ म्हणून हाकललं. तो सरळ झाडीतल्या त्या मुक्कामावर गेला. पण कुत्र्याने साक्ष दिली असं म्हणू नका. कुठे खणायचं ते त्याने दाखवलं, पुरावा जमिनीतून आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६९ साली, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, पोलिसी श्वानाच्या माग काढण्याला फार वजन देता येत नाही असं म्हटलं आहे. कुत्र्याला पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही.

आता मनातलं बोलते. माझ्या नोकरीत एका जुलैत एक पार्सल आलं. आत मयताचा सदरा, ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला. वर लाखेचं सील अगदी व्यवस्थित, कागदपत्रं पूर्ण. पिशवी उघडली तर हिरवी-काळी बुरशी, आणि वास असा की शेजारच्या टेबलावरची मुलगी बाहेर गेली. मी त्या सदऱ्याचे सतरा ठिकाणचे तुकडे कापून तपासले. रक्तगट लागला नाही. अहवालात ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या मयताची आई निकालाच्या आधी दोनदा प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन बसली होती. तो सदरा सावलीत दोरीवर वाळवून कागदी पाकिटात घातला असता, तर पुरला असता. खर्च काहीच नाही. कुणाच्या घरावर अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर हे लक्षात ठेवा. कपडे धुऊ नका, उन्हात टाकू नका, प्लास्टिकमध्ये बांधू नका, आणि पोलीस येईपर्यंत त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देऊ नका, मग तो गावचा कितीही मोठा माणूस असो.

जावयांना सांगा, मिंटो त्यांच्या गावाहून उत्तरेला, क्लोंडाइक महामार्गावर आहे. नदी तिथे रस्त्यापासून जवळच वाहते.

प्रश्न : मारेकरी सापडला पण तो कोण हेच कळलं नाही, असंही तिकडे एक प्रकरण आहे असं ऐकलं. दोन ओळींत सांगाल का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बाळ, तू विचारते आहेस ते कॅनडाच्या उत्तरेला रॅट नदीवर फासे लावून जनावरं धरणाऱ्या एका माणसाचं प्रकरण. १९३१ च्या जुलैत तो फोर्ट मॅकफर्सनला आला आणि अल्बर्ट जॉन्सन एवढंच नाव सांगितलं. दुसऱ्यांचे फासे तो बिघडवतो अशी तक्रार आली. ३१ डिसेंबरला कॉन्स्टेबल किंग त्याच्या झोपडीशी गेला, तर त्याने दारातून गोळी घातली. किंग वाचला. ३० जानेवारी १९३२ ला कॉन्स्टेबल मिलन मारला गेला. मग तो एकटा, पायी, भर हिवाळ्यात रिचर्डसन पर्वत ओलांडून गेला. वॉप मे या वैमानिकाने विमानातून त्याचा माग काढला आणि १७ फेब्रुवारीला ईगल नदीवर तो गोळीबारात मेला. त्याच्याजवळ दोन हजारांवर डॉलर होते, आणि दातांतलं काढलेलं सोनं. एवढ्या दिवसांच्या पाठलागात पोलिसांनी त्याच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही.

२००७ च्या ऑगस्टमध्ये अक्लाविकला त्याची कबर उघडली. तो अमुकच माणूस होता असे सांगणारे अनेक दावे डीएनएमुळे बाद झाले. लहानपणी आपण ज्या भागातलं पाणी पितो त्याची खूण दातांच्या कवचात राहते. ती तपासल्यावर निघालं की तो कॅनडात वाढलेला नव्हता. एक तर स्कँडिनेव्हियात, नाही तर अमेरिकेतल्या मका पिकणाऱ्या मधल्या पट्ट्यात.