निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष

ज्येष्ठ नागरिक संघात नव्याने आलात, म्हणून मनापासून सांगतो. घरात सुरुवातीचे महिने जड जातात. आपण दिवसभर बाहेर असताना सुनेची स्वयंपाकघरातली घडी बसलेली असते. तिथे डबे कुठे ठेवावेत हे सांगायला जाऊ नका. आपला चहा आपण करावा, कप विसळून पालथा घालावा. निम्मी कुरबुर तिथेच मिटते.

मात्र घर मुलाच्या नावावर करण्याची घाई अजिबात करू नका. मृत्युपत्र करा, ते हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच घर देऊन टाकण्याचा दस्त, करायचंच असेल तर ‘सांभाळ करावा’ ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे, अट मोडली गेली तर त्याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करण्याची मागणी करता येते. अट लिहिलेलीच नसेल तर दाद मागणं फार अवघड जातं. पोटच्या पोराला अट काय घालायची, असं अनेकांना वाटतं. मला हा संकोच मुळीच पटत नाही.

नातू देवाला हात जोडत नाही, याचा मलाही त्रास होतो. पण बळजबरीने भक्ती येत नाही. आपण आपली पूजा करावी.

राजकारणाचं म्हणाल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डपायी सख्ख्या भावांत अबोला धरलेला मी पाहिलाय. जेवताना पक्षाचा विषय काढू नका. चीड येतेच, तर ती वॉर्डासाठी वापरा. फुटपाथची फरशी उखडली असेल तर फोटो जोडून महापालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. पहिला अर्ज लिहायला मी बसतो तुमच्याबरोबर.