तीन दिवस झाले तरी हल चिकट लागतोय. रेझिन वाया गेलं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: साडेपाच मीटरच्या पॉवरबोटीचा हल (बोटीचं मुख्य कवच) साच्यात घालताय, जेलकोटनंतर (सगळ्यात बाहेरचा, गुळगुळीत थर) पॉलिएस्टर रेझिन आणि मॅटचे (काचेच्या तंतूंची चटई) चार थर झालेत, तीन दिवस उलटले तरी वरून हात चिकटतो. एक जण सांगतो पुढच्या थरात हार्डनर वाढवा, दुसरा सांगतो साचा उन्हात काढा. रेझिन वाया गेलं का, आणि लेअप, म्हणजे थर रचण्याचं काम, चांगला झालाय हे ओळखायचं कसं?

बरीच वर्षं रोलर हातात धरून काढली आणि नंतर दुसऱ्यांनी केलेलं काम तपासण्यात, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

चिकटपणाने घाबरू नका. लॅमिनेटिंगचं रेझिन वरून चिकट राहावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं. हार्डनर, म्हणजे एमईकेपी, कोबाल्टच्या (रेझिनमध्ये मिसळलेलं, क्रियेला वेग देणारं द्रव्य) संगतीत फुटतो आणि त्यातून निघणारे रॅडिकल स्टायरिन आणि पॉलिएस्टरच्या साखळ्या एकमेकांत गुंफत जातात. अगदी वरच्या पापुद्र्यात हवेतला ऑक्सिजन हे रॅडिकल गिळून टाकतो, म्हणून तिथली गुंफण अर्धवट राहते. पुढचा थर त्यावर वेळेत पडला तर तो या अर्धवट पापुद्र्याशी रासायनिकरीत्या जोडला जातो, म्हणजे हा चिकटपणा तुमच्याच फायद्याचा. शेवटच्या थराच्या रेझिनमध्ये पॅराफिन मेण घालतात ते याच कारणाने: मेण वर तरंगतं, हवा अडवतं आणि पृष्ठभाग कोरडा होतो. मधल्या थरात मात्र चुकूनही मेणाचं रेझिन वापरू नका. त्यावर काहीच धरत नाही.

खरा प्रश्न पापुद्र्याखाली काय आहे हा. स्क्रॅपरची धारदार कड घ्या आणि चिकट थर जोरात खरवडा. खाली पांढरट, कोरडा भुगा निघाला आणि नख रुतलं नाही तर निश्चिंत राहा. च्युइंगमसारखी गुंडाळी निघाली, खालीही मऊ लागलं, स्टायरिनचा वास अजून नाकात जात असेल, तर क्युअर, म्हणजे रेझिनचं पिकणं, अडलंय. ही परीक्षा पाच-सहा जागी करा आणि चाइनच्या (तळ आणि बाजू मिळतात ती कड) कोपऱ्यात, ट्रान्समजवळ (बोटीची मागची सपाट भिंत), साच्याच्या सगळ्यात थंड बाजूला आवर्जून करा. डब्यात उरलेलं रेझिन दगडासारखं झालंय म्हणून खूश होऊ नका, ते हमखास फसवतं. डब्यात रेझिन गोळा होऊन असतं, स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि भराभर पिकतं. हलवर तेच रेझिन मिलिमीटरभर जाडीत पसरलेलं असतं आणि त्याची उष्णता साचा आणि हवा शोषून घेतात.

आता हार्डनर. बोलताना आपण त्याला कॅटॅलिस्ट म्हणतो, पण खरा कॅटॅलिस्ट शेवटी जसाच्या तसा उरतो. एमईकेपी वापरला जाऊन संपतो. तो कमी पडला तर क्रिया मध्येच थांबते आणि पुढे कितीही आठवडे वाट पाहिली तरी रेझिन अर्धकच्चं राहतं. म्हणून सहसा 1 टक्क्याच्या खाली जायचं नाही. वरची बाजू बहुतेक रेझिनना 2 टक्क्यांच्या आसपास असते, काहींना थोडी जास्त. तुमच्या रेझिनच्या माहितीपत्रकात जे असेल तेच खरं. जास्त घातलं म्हणजे जास्त पिकेल हा समज तितकाच चुकीचा आहे. जादा एमईकेपी आणि तो ज्या द्रवात मिसळून येतो तो द्रव आतच अडकून रेझिन मऊ ठेवतात, आणि क्रिया इतकी पेटते की लॅमिनेट तापून भेगाळतं. 1 किलो रेझिनला दीड टक्का म्हणजे 15 ग्रॅम, मापाच्या नळीत साधारण 13 मिली. "एक झाकण" हे माप नव्हे. ते ऐकलं की माझं डोकं अजूनही फिरतं.

एका थंड सकाळी आमच्याकडे जेल यायला (रेझिन घट्ट व्हायला) वेळ लागत होता म्हणून मदतनिसाने न विचारता हार्डनर दुप्पट केला. पुढचा डबा मिसळेपर्यंत हवेत ऊब आली. तो थर अर्धा रोल होतोय तोवर जेल झाला, पांढरे पट्टे जिथल्या तिथे राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ग्राइंडर घेऊन तो अख्खा थर उतरवत होतो. त्याला बोललो नाही, कारण थर्मामीटर भिंतीवर होता आणि मीही बघितला नव्हता. तापमान 10 अंशांनी चढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशेब धरा. शेडमध्ये 18 ते 25 अंश असतील आणि दमटपणा आटोक्यात असेल तर काम सरळ चालतं. थंडी असेल तर हवा, साचा आणि रेझिनचं पिंप तिन्ही गरम करा. हार्डनर ढकलून थंडी भरून निघत नाही. आणि जाता जाता एक: कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, मग हार्डनर. दोन्ही एकत्र आले तर भडका उडतो, ही पुस्तकी भीती नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

उन्हाच्या सल्ल्यात अर्धं खरं आहे. ऊब मिळाली तर उरलेला पेरॉक्साइड कामाला लागतो. पॉलिएस्टरसाठी 40 अंशांवर साधारण 16 तास ही प्रचलित पोस्टक्युअर (नंतर ऊब देऊन पूर्ण पिकवणं) आहे. पण ती जेल पक्का झाल्यावर, सगळीकडे सारखी आणि हल साच्यात असताना. ओल्या थराला ऊन दाखवलं तर स्टायरिन उडून जातं, आणि एकाच बाजूला ऊन लागलं तर हल वाकतो. तंबूसारखं कापड टाकून आत हीटरची गरम हवा फिरवा. ज्वाळेचा हीटर नको, स्टायरिनची वाफ पेटते.

आता लेअप. लोक जाडी मोजतात आणि समाधान मानतात. माझा सगळ्यात मोठा वाद इथेच आहे. ताकद काचेत असते. रेझिन काचेला जागेवर धरतं आणि पाणी अडवतं. रेझिन जास्त ओतलं की हल जाड होतो, जड होतो आणि ठिसूळही होतो. म्हणून टेप बाजूला ठेवा आणि वजनकाटा घ्या. समजा तळ 10 चौरस मीटर आहे आणि 450 ग्रॅमची मॅट टाकताय: काच साडेचार किलो. हाताने केलेल्या मॅटच्या कामात वजनाने 30 ते 35 टक्के काच साधते, म्हणजे रेझिन साडेआठ ते साडेदहा किलो लागायला हवं आणि थर सुमारे 1 मिलिमीटरचा बसायला हवा. वहीत 14 किलो लिहावं लागलं तर काच 24 टक्क्यांवर आली. कुठेतरी डबकं साचलंय, बहुधा किलच्या (तळाच्या मधल्या रेषेच्या) घळीत, कारण रेझिन तिथेच ओघळतं. सहा किलोत भागलं असेल तर त्याहून वाईट, मॅट कोरडी राहिलीय. विणलेल्या रोव्हिंगला (काचेच्या जाड दोऱ्यांचं कापड) हे प्रमाण 45 ते 50 टक्क्यांपर्यंत जातं, व्हॅक्यूम इन्फ्यूजनला (निर्वाताने रेझिन काचेत ओढायची पद्धत) त्याच्याही पुढे. प्रत्येक थराची काच आणि रेझिन किती ते लिहून ठेवायला दोन मिनिटं लागतात आणि ही वही कुठल्याही महागड्या यंत्राइतकी बोलते.

हाताची पद्धत अशी: आधी रेझिन पसरा, त्यावर मॅट टाका, म्हणजे रेझिन खालून वर चढतं आणि हवा पुढे ढकलत नेतं. कोरड्या मॅटवर वरून ओतलं की हवा खाली कोंडते. मग लगेच रोलर घेऊन तुटून पडू नका. मॅटचे तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो स्टायरिनमध्ये विरघळायला मिनिट-दोन मिनिटं घेतो; त्याआधी रेटलं तर मॅट फाटते, गोळा होते. पांढरी मॅट पारदर्शक होऊ लागली की खाचांचा रोलर मधून कडेकडे फिरवा. (हीच मॅट इपॉक्सीत वापरायचा मोह झाला तर बाइंडर तपासा, इपॉक्सीत स्टायरिन नसतं, तो विरघळणार कसा?) रोव्हिंगचे दोन थर थेट एकमेकांवर टाकू नका, मध्ये मॅट हवी, नाहीतर पत्त्यांच्या जोडासारखे ते एकमेकांवरून सुटतात.

पॉवरबोटीत चूक कुठे लपते ते मी सांगतो: चाइन, स्प्रे रेल (पाण्याचे तुषार बाजूला वळवणाऱ्या तळावरच्या पट्ट्या) आणि ट्रान्समचा तळाशी जुळणारा कोपरा. काच टोकदार वळण घेत नाही, ती कोपऱ्यावर पुलासारखी ताणून बसते आणि खाली पोकळी राहते. वरून सगळं गुळगुळीत दिसतं. मग वेगात लाटेवर आपटताना नेमका तिथलाच जेलकोट फुटतो, कारण त्याच्या पाठीशी काहीच नसतं. कोपऱ्यात आधी रेझिनची घट्ट लुगदी भरून गोलाई करून घ्या आणि मॅटच्या कडा कापण्याऐवजी हाताने फाडून पिंजलेल्या ठेवा, त्या एकमेकांत मिसळतात. थर पिकल्यावर नाण्याने ठोकत जा. टणक, चढा आवाज आला तर ठीक; बसका "ठप्प" आला की तिथे खडूने गोल करा आणि तोडून बघा. रंगविरहित रेझिन असेल तर रात्री दिवे घालवून साच्याच्या आत तिरका टॉर्च धरा, बुडबुडे चांदणीसारखे चमकतात.

जेलकोटबद्दल फार लिहीत नाही. ओला असताना अर्धा मिलिमीटरच्या आसपास ठेवा. फार पातळ राहिला तर तो नीट पिकत नाही, पहिल्या थरातलं स्टायरिन त्याला फुगवतं आणि मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. त्याच्या मागचा पहिला थर शक्य असेल तर व्हिनाइलएस्टरचा घ्या. हल पाण्यातच राहणार असेल तर पुढे फोड येण्याचं प्रमाण त्याने बरंच कमी होतं, कारण पाण्याच्या संगतीत व्हिनाइलएस्टर पॉलिएस्टरइतकं विघटित होत नाही.

एका दमात किती थर? मी पहिला थर एकटाच टाकून पिकू देतो आणि पुढे एका वेळी 3-4 मिलिमीटरच्या वर जात नाही. ट्रान्समला सगळेच घाई करतात: प्लायवूड, दोन्ही बाजूंचे जाड थर, सगळं एका दुपारी. आतली उष्णता बाहेर पडत नाही, रेझिन आकसतं आणि बाहेरून ट्रान्समवर प्लायवूडची कड छापल्यासारखी दिसते. पॉलिएस्टर पिकताना घनफळात 7 टक्क्यांच्या आसपास आकसतं. ते थांबवता येत नाही, दिवसांवर वाटून देता येतं.

यातूनच सगळ्यात महागडी चूक येते, साच्यातून लवकर काढायची. आमच्या शेडमध्ये एक हल तिसऱ्या दिवशी काढला, कारण साचा पुढच्या बोटीला हवा होता. नखाला कडक, ठोकला तर खणखणीत. स्ट्रिंगर (तळाला आतून ताठ ठेवणारे लांब आधार) अजून बसले नव्हते. दोन घोड्यांवर (टेकूंवर) ठेवला आणि आठवडाभर आत काम केलं. बोट पाण्यात गेली तेव्हा थ्रॉटल दिला की नाक खाली घालायची, वेग काही केल्या चढेना. प्रोपेलर बदलला, इंजिनाचा कोन बदलला. शेवटी बोट वर काढून तळाला दोन मीटरची सरळ पट्टी लावली: ट्रान्समच्या पुढे, घोडा टेकला होता तिथे, तळ 5 मिलिमीटर आत गेलेला. याला हुक म्हणतात. मागच्या भागात तळ असा आत गेला की पाणी शेपूट उचलतं आणि नाक दाबतं. उलट फुगवटा आला तर बोट बेडकासारखी उड्या मारते. रेझिन कडक झालं होतं, पण पिकलं नव्हतं, आणि अशा अवस्थेत ते भाराखाली हळूहळू सरकतं.

तेव्हापासून मी नखावर विश्वास ठेवत नाही, बारकोल मीटर (सुई दाबून कडकपणा मोजणारं) लावतो. 934-1 प्रकारचा घ्या, कोरड्या, घासून साफ केलेल्या जागी दहा-बारा नोंदी घेऊन सरासरी काढा. सुई कधी काचेवर पडते कधी रेझिनवर, एका नोंदीला अर्थ नाही. रेझिनच्या पत्रकातल्या आकड्याच्या 90 टक्क्यांपर्यंत सरासरी आली आणि स्ट्रिंगर, बल्कहेड (आतल्या आडव्या भिंती) आत बसले की मगच साच्याला पाचरी लावा. मीटर नसेल तर अ‍ॅसिटोनने भिजवलेला बोळा घासलेल्या जागी फिरवा. ती जागा मऊ किंवा चिकट झाली तर अजून थांबा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज खरवडून बघा. खाली कडक असेल तर तीन दिवस झाल्यामुळे मी नुसत्या चिकटपणाच्या भरवशावर पुढचा थर टाकणार नाही. बहुतेक रेझिनची रासायनिक जोडाची मुदत एक-दोन दिवसांत सरते. अ‍ॅसिटोनने पुसा, 80 नंबरच्या सँडपेपरने चमक जाईपर्यंत घासा, धूळ काढा आणि मॅटपासून पुढे चला. खाली मऊ निघालं तर आधी ऊब द्या, दोन दिवसांनी परत खरवडा. तरीही मऊच असेल तर तो थर उतरवा. मऊ थरावर चांगले थर टाकून तो झाकता येतो, ही खरी अडचण आहे.

हल तयार झाल्यावर ड्रेनसाठी, पाण्याच्या फिटिंगसाठी भोकं पाडाल तेव्हा निघालेल्या चकत्या फेकू नका. कड घासून ओली करा आणि भिंगातून थर मोजा. प्रयोगशाळेच्या भट्टीत 600 अंशांच्या आसपास जाळून घेतल्या तर रेझिन उडून जातं, उरलेली काच तोलली की टक्केवारी हातात येते आणि मॅट-रोव्हिंगचे थर एकेक करून सोलता येतात. माझ्याकडे अशा चकत्यांचा डबा आहे. त्यातल्या एकीत सहा थर आहेत. त्या हलच्या वहीत सात लिहिलेत, आणि अक्षर माझं आहे.