तापाच्या पेशंटपुढे अडखळणाऱ्या मुलाला वॉर्डात जाऊ द्या

नमस्कार.

तुमचा मुलगा सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षी ५८ टक्के पडले म्हणून तुम्ही धास्तावलात, नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, ऑनलाइन कोर्स घेऊन दिलात आणि आता रोज रात्री फोन करून टेस्टचे मार्क विचारता. सकाळी वॉर्डात ‘हजेरीपुरतं’ जावं, बाकी वेळ प्रश्न सोडवावेत आणि रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे-स्कॅन वाचण्याची शाखा, मिळवावी, असं तुमचं म्हणणं. मला विचारलंत ते एवढंच, की आणखी कोणता क्लास लावू?

एकही लावू नका. ५८ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, पॅथॉलॉजी-फार्माकॉलॉजीच्या वर्षात भल्याभल्यांची दमछाक होते. काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यानं: ‘तो म्हणतो, बाबा, साधा तापाचा पेशंट समोर आला तरी मला काही सुचत नाही. मी म्हटलं, ते इंटर्नशिपमध्ये आपोआप येईल, आणि हल्ली सगळं रिपोर्टवरच कळतं.’

आपोआप काहीही येत नाही. इंटर्नशिप एक वर्षाची असते. ज्याला पेशंट तपासता येतो, त्याला त्या वर्षात सिनियर शिकवतात. ज्याला येत नाही, तो रक्त काढतो, सॅम्पल पोचवतो, रिपोर्ट आणायला पळतो आणि उरलेल्या वेळात पीजीचा अभ्यास करतो. वर्ष संपतं आणि हातात डॉक्टरकीचा परवाना येतो. तुमच्या मुलाला आपली उणीव आजच कळली आहे आणि त्यानं ती वडिलांना मोकळेपणानं सांगितली. त्यावर तुम्ही त्याला गप्प केलंत. या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट ती.

रिपोर्टवर सगळं कळतं, हा समज घरोघरी आहे. विडाल टेस्टचंच बघा. ताप आला की ती करतात, ‘पॉझिटिव्ह’ आली की टायफॉइड ठरतो आणि सलाइन सुरू होतं. आपल्याकडे टायफॉइड इतका पसरलेला आहे, की जुन्या संसर्गाच्या किंवा लशीच्या अँटिबॉडीही त्या टेस्टमध्ये दिसू शकतात. एकट्या विडालवर निदान ठरवणं चूक आहे. खरी तपासणी म्हणजे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी पाठवलेलं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं. डेंग्यूची एनएस१ ही रक्ताची टेस्ट पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. म्हणजे ताप कितव्या दिवसाचा आहे हे आधी पेशंटला विचारावं लागतं. रिपोर्टचा अर्थ लावायलासुद्धा हिस्टरी, म्हणजे पेशंटला विचारून काढलेली हकीकतच लागते. रेडिओलॉजिस्टही फॉर्मवर पेशंटची तक्रार शोधतो, ती कोरी असेल तर फिल्मवरच्या सावलीचा अर्थ लावताना त्याचीही अडचण होते.

आता इथून पुढचं मुलाला वाचायला द्या.

बाळा, पावसाळ्यात तापाचा पेशंट आला की पुस्तकातली यादी आठवत बसू नकोस. आधी बघ, तो शुद्धीवर नीट आहे का, श्वास किती, नाडी-बीपी काय, लघवी शेवटची कधी झाली. मग विचार: किती दिवस, थंडी वाजून येतो का, भातलावणीला चिखलात उतरला होता का, गुरं-उंदीर घरात आहेत का. डोळे लाल आणि पोटऱ्या दाबल्यावर दुखत असतील तर लेप्टोचा, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार मनात यायला हवा. कपड्यांखालची कातडी बघ, काखेत, जांघेत, स्तनांखाली. पेशंट स्त्री असेल तर नर्सताईंना सोबत घे. तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, असू शकतो. ती खपली दुखत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून सांगत नाही. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीनं बरा होणारा हा आजार न ओळखल्यामुळे जिवावर बेततो. डेंग्यूत प्लेटलेटच्या आकड्यावरच नजर लावून बसू नकोस. ताप उतरतो तेव्हाच धोक्याची वेळ सुरू होते. त्या सुमारास पोटात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यांतलं काही दिसलं की पेशंटला घरी पाठवायचं नाही.

पोटदुखीचंही तेच. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ आणि उलटी घेऊन येतो, अंगावर दंशाची खूणही दिसत नाही. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन मोकळं होण्याआधी त्याच्या पापण्या बघ. त्या जड होत असतील तर मण्यार चावलेली असू शकते. त्याला अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, आणि श्वासाची सोय असलेलं हॉस्पिटल तातडीनं हवं. प्रश्नपत्रिकेत ‘रात्री जमिनीवर झोपला होता’ असं लिहिलेलं असतं, कॅज्युअल्टीत ते तुलाच विचारून काढावं लागतं.

आठवड्याला एक तक्रार घे: ताप, धाप, छातीत दुखणं, झटके. एक पेशंट पूर्ण तपास. केसपेपर उघडण्याआधी वहीत तीन शक्यता लिही आणि चौथी ओळ चुकवून चालणार नाही अशा आजाराची. त्या रात्री तेवढंच प्रकरण वाच. दुसऱ्या दिवशी त्याच खाटेशी परत जा, कारण उपचार लागू पडतोय की नाही हे तिथेच कळतं.

बाबांसाठी आणखी थोडं. ‘वॉर्डात बसून कोण मोठं झालंय?’ असं तुम्ही विचारलंत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे पेशंट रात्र रात्र शेजारी बसून पाहिले, लक्षणं टिपली आणि प्राझोसिन हे बीपीचं औषध त्यावर उपयोगी ठरतं हे जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

नीट पीजीबद्दल एवढंच: २०० प्रश्न, ८०० मार्क, चुकल्यास एक मार्क वजा, आणि बरेच प्रश्न पेशंटच्या वर्णनातूनच येतात. घेतलेला कोर्स रविवारपुरता ठेवा. रात्रीचा टेस्टच्या मार्कांचा फोन आजपासून बंद करा. फायनलला लाँग केस-शॉर्ट केस, म्हणजे परीक्षकांपुढे खरे पेशंट तपासणं, आहे, तोवर सकाळ-संध्याकाळ त्याला वॉर्डात असू द्या. रेडिओलॉजी घ्यावी का, हा प्रश्न इंटर्नशिप संपत आल्यावर त्यानं स्वतः मला लिहून विचारावा. तेव्हा त्याचं उत्तर मी त्यालाच देईन.