विभागांचे केपीआय (कामगिरी मोजण्याचे प्रमुख निकष) ठरवताना

आपण प्रथमच सर्व विभागांसाठी स्कोअरकार्ड, म्हणजे कामगिरी मोजण्याचे तक्ते, तयार करीत आहात, म्हणून कळकळीने सांगतो. कॅप्लन आणि नॉर्टन या व्यवस्थापनतज्ज्ञांनी १९९२ मध्ये ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ या पद्धतीत मांडलेल्या आर्थिक, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया आणि नावीन्य व शिक्षण या चार बाजू विभागांना वाटून देऊ नका. प्रत्येक विभागाने चारही बाजूंचा विचार करावा. खरेदी विभागाला केवळ कमी दराचे उद्दिष्ट दिले, तर तो स्वस्त माल एकगठ्ठा उचलतो आणि त्याचा भुर्दंड गोदामात पडून राहिलेल्या साठ्याच्या व उत्पादनातील नाकारलेल्या नगांच्या रूपाने इतरांना सोसावा लागतो. हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून दराच्या जोडीला माल नाकारला जाण्याचे प्रमाणही मोजा. ‘वेळेवर पुरवठा’ म्हणजे माल गेटबाहेर पडणे की ग्राहकाच्या हाती पोहोचणे, हे विक्री आणि डिस्पॅच विभागांनी आधीच एकत्र बसून लिहून काढावे.