स्टँडअपकडून मालिका लेखनाकडे वळताना

तुझे दहा मिनिटांचे सेट छान रंगतात, त्यात वादच नाही. पण आता मालिका लिहायची म्हणतोस, तर अमेरिकी विनोदी लेखक लॅरी डेव्हिडची वाटचाल नीट बघ. न्यूयॉर्कच्या क्लबांमधून स्टँडअप करणारा हा माणूस 1984-85 च्या हंगामात ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी लिहीत होता. अख्ख्या हंगामात त्याचं एकच स्किट प्रसारित झालं! वैतागून त्याने नोकरी सोडली आणि सोमवारी काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा येऊन बसला. पुढे त्याच्याच ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत हाच प्रसंग जॉर्ज या पात्राच्या वाट्याला आला. म्हणून सांगतो, फजिती झाली की त्याच रात्री वहीत उतरव. कोण काय बोललं, कुणी मान फिरवली, सगळं.

मंचावर हशा तुझा असतो, मालिकेत तो पात्राचा. सुचलेलं वाक्य कितीही भारी असो, त्या पात्राच्या तोंडी शोभत नसेल तर काढून टाक. जिवावर येतं, मान्य. आणि संवाद मोठ्याने वाच. मी आजही वाचतो. जीभ अडखळली की तिथे पेन्सिलीने खूण करतो. बहुतेकदा एखादा शब्द उडवला की वाक्य सुटसुटीत होतं.